प्रकल्प नोंदी : दूध संकलन ॲपची झाडलोट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दिवाळीची फरक बिलं एकदाची गेली. आता सहा आठवडे नवीन काहीही लिहायचं नाही, आहे ते घर आवरायचं, असं ठरलं. लेखी ठरलं, कारण तोंडी तीनदा ठरून झालंय.

ज्यांना नंतर हे वाचायला लागेल त्यांच्यासाठी: चौदा गावांतल्या दूध संस्था, सकाळ-संध्याकाळ संकलन, फॅट-एसएनएफवर (स्निग्धांश आणि दुधातले बाकीचे घन पदार्थ) दर, दहा दिवसांचं बिल. पुढचा भाग रिॲक्ट, मागे नोड, डेटाबेस पोस्टग्रेस. पाच वर्षांत चौघांचे हात लागलेले. टायपस्क्रिप्ट (प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट) निम्म्या फाइलींत, तेही जमेल तिथं ‘एनी’, म्हणजे कुठलाही प्रकार चालेल, लिहून.

चूक शोधायची आमची आजची पद्धत अशी: गावातून फोन येतो, आम्ही कोड वाचतो, अंदाज बांधतो, कन्सोल.लॉग (कोड कुठवर आला ते छापणारी ओळ) टाकतो, डिप्लॉय करतो (सर्व्हरवर चढवतो) आणि पुढच्या फोनची वाट बघतो. आज सगळे कन्सोल.लॉग मोजले. ४१२. त्यांतला एक नुसता ‘इथे आलो’ असं छापतो आणि त्याखालच्या फाइलीतला ‘इथे का आलो’. दोन्ही माझेच असावेत.

ईएसलिंट (कोड न चालवताच त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारं साधन) पहिल्यांदाच सबंध प्रकल्पावर चालवलं. २,३१६ तक्रारी. नवीन आलेल्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याला म्हटलं, घाबरू नकोस, यातल्या निम्म्याहून जास्त स्पेस आणि अवतरणचिन्हांच्या आहेत. ते काम कोडाची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या प्रेटिअरचं, लिंटचं नव्हे. प्रेटिअर एकदाच सगळीकडे फिरवून एकाच कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) टाकलं. तो कमिट ‘गिट ब्लेम’मध्ये (कुठली ओळ कुणी, कधी बदलली ते तिथं दिसतं) आडवा येऊ नये म्हणून दुर्लक्ष करायच्या यादीत घातला. तक्रारी उरल्या ७९०.

जाता जाता: ‘लिंट’ हा शब्द १९७८ च्या सुमाराचा, बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतल्या संशयास्पद जागा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला दिलेला. लिंट म्हणजे कापडावर चिकटलेली कापसाची लव. मी इचलकरंजीची, त्यामुळे मला हा शब्द कुणी समजावून सांगायला लागला नाही. पप्पा मागावरून आले की भुवयांवर लव असायची. ती कापडाला भोक पाडत नाही, पण गिऱ्हाईक कापड हातात घेतं तेव्हा आधी तीच दिसते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

लाइव्हवरून (गावांत चालू असलेल्या ॲपवरून) येणाऱ्या चुका वाचता येणं हे पहिलं काम. सध्या चूक येते ती अशी: अमुक फाइल, ओळ १, रकाना ४८,२१३. बिल्ड करताना (ब्राउझरसाठी तयार करताना) सगळा कोड एका ओळीत दाबलेला असतो, त्यामुळे ओळ कायम पहिलीच. ‘टी’ नावाचं काहीतरी अनडिफाइन्ड आहे म्हणे. ‘टी’ म्हणजे कोण, देव जाणे.

उपाय सोर्स मॅप. दाबलेल्या कोडातली कुठली जागा मूळ कोडात कुठं आहे याची ती नकाशावजा फाइल. आम्ही ती बनवतच नव्हतो, कारण कोणीतरी ‘कोड लोकांना दिसेल’ म्हणून बंद केली होती. भीती बरोबर, उपाय चूक. बिल्ड करणाऱ्या व्हाइटमध्ये ‘हिडन’ म्हणून पर्याय आहे: मॅप तयार होतो, पण ब्राउझरला त्याचा पत्ता दिला जात नाही. मॅप आपल्याकडे ठेवायचा, चूक आली की आपल्याकडेच उलगडायचा.

महागडी सेवा आत्ता नको. ब्राउझरमधली न पकडलेली चूक आणि न पकडलेलं प्रॉमिस रिजेक्शन (नंतर मिळायचं उत्तर फसणं), दोन्हींना कान लावले आणि ‘सेंड बीकन’ने आपल्याच सर्व्हरवर पाठवलं. पान बंद होत असतानाही बीकन जातो, म्हणून सर्व्हरशी बोलायच्या साध्या फेचपेक्षा तो बरा. सोबत कमिटचा हॅश, म्हणजे कोडाच्या त्या आवृत्तीची खूण.

हॅश का, ते दुपारी कळलं. पहिलीच चूक उलगडली तर ओळ लागली एका कॉमेंटवर. कॉमेंटमध्ये चूक कशी होईल? झालं होतं असं की फोनवरचं ॲप सर्व्हिस वर्करमुळे (ॲपची प्रत फोनवर धरून ठेवणारा भाग) मागच्या आठवड्याचंच चालत होतं आणि आम्ही मॅप लावला आजचा. जुन्या गावाचा रस्ता नव्या नकाशात शोधत होतो. आता प्रत्येक रिलीजचे मॅप हॅशच्या नावाच्या फोल्डरमध्ये, तीन महिने ठेवायचे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तात्यांचा फोन. (सगळ्यात मोठ्या संस्थेचे सचिव. नाव इथं लिहीत नाही, सगळे तात्याच म्हणतात.) एका सभासदाच्या मागच्या बिलात ३० ऑक्टोबरची सकाळ कोरी आहे. सभासदाकडे त्या सकाळची छापील पावती आहे, साडेआठ लिटर. पावतीवर तारीख ३०, बरोबर.

डेटाबेसमध्ये ३० ची सकाळ खरंच नाही. २९ ची आहे, पण तिथं साडेआठ लिटर लिहिलंय आणि त्याच्या २९ च्या पावतीवर आहे नऊ.

म्हणजे ३० चं दूध २९ च्या जागी जाऊन बसलं आणि २९ चं पुसलं गेलं.

ऑफिसात अकरा वाजता बसून वीस वेळा नोंद करून बघितली, वीसही बरोबर. नवीन मुलगा म्हणाला, “ताई, त्यांनीच चुकून तारीख बदलली असेल.” तारीख बदलायचं बटणच नाहीये तिथं. गावाकडच्या माणसाला चूक बहाल करायची आपल्याला फार घाई असते. माझ्याही मनात तेच आलं होतं, म्हणून लिहून ठेवते.

तात्यांना विचारलं, हल्ली काही बदललंय का? म्हणाले, दिवाळीनंतर टँकर लवकर यायला लागलाय, संकलन साडेपाचऐवजी पाचलाच सुरू करतोय.

उद्या पहाटे चालू असतानाच बघते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पावणेपाचला उठले. लाइव्ह सर्व्हरवरच्या नोडला सिग्नल देऊन इन्स्पेक्टर (चालू कोडात डोकावायचं साधन) चालू केला. तो पोर्ट ९२२९ वर उघडतो, फक्त सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावर, म्हणून एसएसएच बोगद्यातून (सर्व्हरपर्यंतच्या सुरक्षित जोडणीतून) माझ्या क्रोमला जोडला. (तो पोर्ट जगाला उघडा ठेवणं म्हणजे घराची किल्ली दाराला अडकवून जाणं. जो जोडेल तो सर्व्हरवर हवं ते चालवू शकतो.) नोंद साठवणाऱ्या फंक्शनवर लॉगपॉइंट लावायचा होता. लॉगपॉइंट म्हणजे कोड न बदलता, न थांबवता, त्या ओळीवर आलं की एवढं छाप असं सांगणं. त्यासाठी ओळीच्या आकड्यावर उजवं क्लिक करायचं असतं.

मी डावं केलं. ब्रेकपॉइंट लागला, म्हणजे त्या ओळीवर आलं की कोड थांबणार.

५ वाजून १४ मिनिटांनी एका संस्थेची नोंद आली आणि सर्व्हर थांबला. त्या नोंदीपुरता नाही, अख्खा. नोडमध्ये जावास्क्रिप्ट एकाच धाग्यावर चालतं. तो धागा मी धरून ठेवला की बाकी कोणालाच काही मिळत नाही. पडद्यावर पिवळी ओळ दिसत होती आणि मी पहिली दहाएक सेकंद खूश होते, सापडलं म्हणून. मग दोन फोन एकदम वाजले. एफ८ दाबून सोडेपर्यंत चाळीस सेकंद गेली असतील.

त्या वेळी तीनच संस्था चालू होत्या म्हणून निभावलं. सहाला असतं तर चौदा गावांत रांगा लागल्या असत्या. दूध कुणाचं बुडालं नाही. नोंदी फोनवरच्या रांगेत थांबल्या आणि नंतर आल्या. दोघांनी दोनदा बटण दाबलं, पण तीच तारीख, तीच वेळ (सकाळ किंवा संध्याकाळ), तोच सभासद असेल तर नवी नोंद जुनीवर बसते, म्हणून दुप्पट झाली नाही. म्हणजे ज्या सोयीनं ३० तारखेचा घोळ केला, तिनंच आज वाचवलं.

दोन्ही संस्थांना माफीचा फोन केला. खरं कारण सांगितलं.

चाळीस सेकंदांत एक गोष्ट मात्र दिसली. उजवीकडच्या स्कोप पॅनेलमध्ये (त्या क्षणी कोडात काय काय आहे ते तिथं दिसतं) तारीख होती २०२५-११-०६. आज ७ आहे.

नियम, आजपासून: लाइव्हवर ब्रेकपॉइंट नाही. लॉगपॉइंटही दोघे बसलेले असतील तरच. इन्स्पेक्टर काम झाल्याबरोबर बंद.

८ नोव्हेंबर, शनिवार

सापडलं, आणि इतकं साधं निघालं की राग आला.

तारीख काढायला कोडात हे आहे: आत्ताची वेळ घ्या, ‘टू आयएसओ स्ट्रिंग’ करा, पहिली दहा अक्षरं कापा. गेली पाच वर्षं आहे. ‘टू आयएसओ स्ट्रिंग’ नेहमी यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ देतं, मशीन कुठंही असो. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढं. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत भारतात आजची तारीख असते आणि यूटीसीत अजून कालची. पहाटे ५:१४ म्हणजे तिकडं आदल्या रात्रीचे ११:४४.

संकलन साडेपाचला सुरू व्हायचं तोवर ही चूक कुणालाच दिसणं शक्य नव्हतं. काटेकोर बरोबर साडेपाच. टँकर लवकर आला आणि ती उघडी पडली. पावतीवरची तारीख बरोबर, कारण पावती फोनवर छापली जाते आणि तिथं स्थानिक तारीख घेतली आहे. एकाच ॲपमध्ये दोन तारखा, दोघांनी दोन वर्षांच्या अंतरानं लिहिलेल्या.

आणखी एक गोष्ट कागदावर मांडल्यावर कळली. जो रोज पाचलाच येतो त्याचं काहीच बिघडत नाही! त्याची प्रत्येक नोंद एक दिवस मागं सरकते, पण एकमेकींवर बसत नाही. फक्त बिलाच्या कडेला, म्हणजे १, ११, २१ तारखेला, एक दूध मागच्या बिलात जातं, ते बेरजेत सहज लपतं. घोळ होतो तो कधी लवकर, कधी उशिरा येणाऱ्याचा. आज सहाला आला, नोंद आजची. उद्या पाचला आला, नोंद पुन्हा आजचीच, आधीची पुसून. उलट झालं, आधी लवकर मग उशिरा, तर मधला एक दिवस कोरा राहतो, पण त्यात पुसलं काही जात नाही. म्हणून तक्रार एकाचीच आली. बाकीच्यांनी अजून पावत्या जुळवलेल्या नाहीत, एवढंच.

टेस्टमध्ये घड्याळ खोटं करून हे पकडता येतं. टेस्ट चालवणाऱ्या व्हीटेस्टला सांगितलं, आत्ता यूटीसी २३:४४ आहे, आणि नोंद करून बघितली. लाल, म्हणजे टेस्ट नापास. पहिल्या लाल टेस्टचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

तात्यांना फोन करून समजावलं. यूटीसी, साडेपाच तास, सगळं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे ताई, आमची म्हस पाचला दूध देतीया आणि तुमचं सॉफ्टवेअर साडेपाचला उठतंय.”

१० नोव्हेंबर, सोमवार

दुरुस्ती: तारीख काढणारं एकच फंक्शन, जावास्क्रिप्टमधल्या ‘इंटल’च्या तारीख-मांडणीला एशिया/कोलकाता हा टाइमझोन स्पष्ट देऊन, वर्ष-महिना-दिवस सुटे घेऊन जोडायचे. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवरच राहू दे. सर्व्हरचा टाइमझोन बदलणं हा उपाय सुचवला गेला, मी नाही म्हटलं. ‘टू आयएसओ स्ट्रिंग’ला त्यानं काडीचाही फरक पडला नसता.

गंमत: आपला टाइमझोन काय असं क्रोमला विचारलं तर ते अजून ‘एशिया/कॅलकटा’ सांगतं, फायरफॉक्स ‘कोलकाता’. कुठंही या नावाची सरळ तुलना करू नका.

डेटा परत मिळवणं हे खरं काम. रोज रात्री दोनला बॅकअप होतो. २९ ची पुसलेली नोंद ३० च्या पहाटे पुसली गेली, म्हणजे त्याआधी तीनेक तास, ३० तारीख लागल्यावर रात्री दोनला झालेल्या बॅकअपमध्ये ती शाबूत आहे. २७ ऑक्टोबरपासूनचे सगळे बॅकअप उघडून एकमेकांशी ताडून बघितले. तीन संस्थांत मिळून १९ दुधं पुसली गेलेली, ६३ चुकीच्या तारखेला. १९ पैकी १९ मिळाली. प्रत्येक संस्थेच्या संकलन वहीशी ताळा केला, कारण आपल्याच डेटावर आत्ता माझा विश्वास नाही. वहीनं एकही चूक दाखवली नाही. शाईनं लिहिलेल्या वहीत ओव्हरराइट करता येत नाही, खाडाखोड दिसते. आपल्या टेबलातही जुनी नोंद पुसायची नाही, बाजूला ठेवायची, हे यादीत टाकलं.

उद्या पहिल्या दहा दिवसांचं बिल, फरकासह.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एकदा सापडलेली चूक पुन्हा कुणाला लिहिताच येऊ नये. आठवड्याच्या मीटिंगमध्ये ‘टू आयएसओ स्ट्रिंग वापरू नका’ असं सांगण्यात अर्थ नाही; सांगितलेलं माणूस विसरतो, मी तर पहिली.

ईएसलिंटमध्ये ‘नो रिस्ट्रिक्टेड सिंटॅक्स’ असा तयार नियम आहे. स्वतःचं प्लगइन लिहावं लागत नाही. कोडाच्या वाक्यरचनेच्या झाडात काय शोधायचं ते सीएसएससारख्या सिलेक्टरमध्ये द्यायचं: असं फंक्शन-कॉल, ज्याचं नाव ‘टू आयएसओ स्ट्रिंग’. आणि आपल्या भाषेत संदेश. मी लिहिला: ‘ही यूटीसी तारीख आहे. पहाटे साडेपाचच्या आत कालचा दिवस देते. आजचीतारीख() वापरा. ८ नोव्हेंबरची नोंद वाचा.’ एडिटरमध्ये ओळ टाइप होताहोताच लाल रेघ आणि शेजारी हे वाक्य. मराठीत संदेश टाकता येतो हे नवीन मुलाला माहीतच नव्हतं. त्यानं लगेच तीन जुन्या संदेशांचं मराठी केलं.

जुन्या ४१ जागा आहेत. सगळ्या चुकीच्या नाहीत. लॉगमध्ये वेळ छापायला यूटीसीच बरी. त्यासाठी एप्रिलमध्ये ईएसलिंटच्या ९.२४ आवृत्तीत आलेली सोय वापरली: आजवरच्या सगळ्या तक्रारी एका फाइलीत नोंदवून दाबून टाकायच्या, नवीन मात्र एकही चालवून घ्यायची नाही. ती फाइल गिटमध्ये राहते. आकडा वाढला की बिल्ड पडतं. कमी झाला की फाइल छाटायची. ७९० चं डोंगर बघून बसण्यापेक्षा हे फार बरं. पूर्वी एका ठिकाणी काम करताना आम्ही ‘आधी सगळं शून्यावर आणू’ म्हणून बसलो होतो आणि चार महिन्यांनी लिंटच काढून टाकलं होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संस्थेत प्रत्यक्ष जाऊन आले. तक्रार: नोंद दुरुस्त केली की दर कमी लागतो. ऑफिसात होत नाही.

तात्यांच्या टेबलावर, एका बाजूला फॅटचं मशीन, दुसऱ्या बाजूला नमुन्याच्या बाटल्या, मधल्या वीतभर जागेत लॅपटॉप. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारून डेव्हलपर पर्याय उघडले. (“सात येळा का?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.) यूएसबी डीबगिंग चालू, केबल जोडली, क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावर त्यांच्या फोनचा टॅब माझ्या लॅपटॉपवर दिसायला लागला. त्यांच्या अंगठ्यानं इथं दाबायचं, माझ्या पडद्यावर तिथं दिसायचं.

फेचवर ब्रेकपॉइंट. या वेळी त्यांच्या फोनवर, सर्व्हरवर नाही. जाणाऱ्या पाकिटात फॅट: नल, म्हणजे काहीच नाही.

एक पायरी मागं गेले. फॉर्ममधला फॅटचा आकडा ‘३.८’. तो नंबरमध्ये बदलला की नॅन (‘हा आकडा नाही’). नॅन जेसनमध्ये (सर्व्हरला पाठवायच्या मजकुरात) घातला की मुकाट्यानं नल होतो. सर्व्हर नलला दर तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ लावतो. तीन ठिकाणी कोणीतरी ओरडायला पाहिजे होतं, तिन्ही ठिकाणी सगळे समजूतदार.

‘३.८’ देवनागरीत कुठून आलं? तात्यांचा फोन मराठीत आहे. आकडा दाखवताना कोडात ‘टू लोकेल स्ट्रिंग’ नुसतं लिहिलंय, भाषा न देता; मग ते फोनची भाषा घेतं. मराठीसाठी ठरलेले आकडे देवनागरी. आणि जावास्क्रिप्टच्या नंबरला देवनागरी आकडा वाचता येत नाही. पायथनला येतो! तिथं इंटमध्ये ‘१२’ घाला, बारा मिळतात. तात्यांच्या शेजारच्या संस्थेचा फोन हिंदीत आहे, तिथं कधीच बिघडलं नाही, कारण हिंदीसाठी ठरलेले आकडे इंग्रजी धाटणीचे. म्हणजे मराठी माणसांसाठीचं ॲप, आणि मराठी लावलं की मोडतं. ऑफिसात आमच्या सगळ्यांची मशिनं इंग्रजीत.

दुरुस्ती: दाखवायचा मजकूर कधीही परत वाचायचा नाही, मूळ आकडा वेगळा ठेवायचा. कुणी स्वतः देवनागरीत टाइप केलं तर स्वीकारून बदलून घ्यायचं. सर्व्हरवर नल फॅट सरळ नाकारायचा. लिंटचा नियम: भाषा न देता ‘टू लोकेल स्ट्रिंग’ बंद. ऑफिसातला एक टेस्ट फोन आजपासून मराठीत.

निघताना खरवस मिळाला. खर्चाच्या नोंदीत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आजचा दिवस एका अक्षरावर गेला.

एका संस्थेत कुऱ्हाडे आडनावाचे पाच सभासद, शोधलं की दोनच येतात. पाचही नावं यादीत डोळ्यांना सारखी. कन्सोलवर दोन छापली, सारखी. तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली, फॉल्स. लांबी बघितली: एकाची ८, दुसऱ्याची ९.

मग अक्षरं सुटी करून प्रत्येकाचा युनिकोड आकडा छापला.

पहिला: ०९१५, ०९४१, ०९३१, ०९४डी, ०९३९ आणि पुढं.
दुसरा: ०९१५, ०९४१, ०९३०, ०९४डी, २००डी, ०९३९ आणि पुढं.

पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे. दोन्हींचं चित्र एकच: ती आडवी वाटोळी रेघ. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेली तीन नावं दुसऱ्या पद्धतीची, फोनवर टाइप केलेली दोन पहिल्या पद्धतीची.

वाटलं, नॉर्मलाइज (एकाच अक्षराच्या वेगळ्या लिखाणांना एक रूप देणं) केलं की झालं. नाही झालं. र आणि खाली नुक्ता अशी तिसरी पद्धत आहे, ती एनएफसी (नॉर्मलाइजचा एक प्रकार) केल्यावर ऱ होते. पण जोडकाची पद्धत युनिकोडच्या हिशेबी वेगळीच स्ट्रिंग (अक्षरांची ओळ), नॉर्मलाइझ तिला हात लावत नाही. म्हणून आपलंच लिहायचं: आधी एनएफसी, मग र-हलन्त-जोडक दिसला की ऱ-हलन्त. साठवतानाही आणि शोधतानाही. कऱ्हाड, वऱ्हाड, बोऱ्हाडे, गोऱ्हे, सगळी टेस्टमध्ये दोन्ही पद्धतींनी घातली.

यात लिंटचा काही उपयोग नव्हता, टायपस्क्रिप्टचाही नाही. त्यांच्या लेखी दोन्ही स्ट्रिंगच. टेस्ट लिहिणाऱ्याला आधी ‘ऱ्ह’ सुचायला हवा, आणि तो सुचायला शेजारी कुणी कुऱ्हाडे हवा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

थोडक्यात. ‘फ्लोटिंग प्रॉमिस’चा (उत्तराची वाट न बघता सोडून दिलेलं काम पकडणारा) नियम चालू केला, तो टायपची माहिती मागतो म्हणून लिंट जरा मंदावलं, चालेल. ५३ जागा. त्यांतली एक एसएमएसची: पाठवलं आणि उत्तराची वाटही बघितली नाही, चूक पकडली नाही. एसएमएस पोचवणारा गेटवे बंद पडला की प्रॉमिस फसतं, आणि नोड १५ पासून न पकडलेलं रिजेक्शन सगळी प्रोसेस पाडतं. आपला सर्व्हर ‘मधूनच आपोआप रीस्टार्ट होतो’ त्याचं हे कारण. दोन वर्षं आम्ही मेमरीला शिव्या देत होतो.

१ डिसेंबर, सोमवार

टीममध्ये वाद. दादांचं म्हणणं (सगळ्यांत जुने, त्यांचा मान आहे): एडिटरमध्ये टाइप करताकरता लाल रेघा आल्या की विचार तुटतो, वाक्य संपायच्या आत मास्तर छडी घेऊन उभा. नवीन मुलाचं म्हणणं: मला तर त्यामुळेच शिकता येतंय.

दादांचं पटलं मला, निम्मं. सगळ्या नियमांना लाल रंग दिला की लाल दिसेनासा होतो. आता विभागणी: ज्यानं कुणाचं दूध किंवा पैसा चुकू शकतो ते नियम लाल, टाइप करतानाच. न वापरलेलं व्हेरिएबल, नावांची ठेवण असलं सगळं कमिट करताना. मांडणीची तक्रार कुणीच बघायची नाही, सेव्ह केलं की प्रेटिअर करतो. लाल नियम सध्या अकरा. बारावा घालायचा तर दोघांची सही आणि इथली एक तारीख.

११ डिसेंबर, गुरुवार

१ ते १० डिसेंबरचं बिल. सगळ्या संस्थांच्या पावत्यांच्या बेरजा आणि बिलाच्या बेरजा पहिल्यांदाच मशीननं जुळवल्या. फरक एका ठिकाणी, त्यात पावती हातानं दुरुस्त केलेली.

दाबलेल्या तक्रारी ७९० वरून ३४४. कन्सोल.लॉग ४१२ वरून ९. ‘इथे का आलो’ आठवण म्हणून ठेवलाय, लिंटला तेवढ्या ओळीपुरती सूट देऊन.

तात्यांचा फोन सकाळी ५:२२ ला. तारीख बरोबर पडतीया म्हणाले. प्रिंटर चालत नव्हता. कागद संपला होता.

राहिलेलं: जुनी नोंद पुसण्याऐवजी बाजूला ठेवायचं टेबल (सोमवारपासून, दादा). अहवालांच्या फोल्डरमधल्या ‘टू आयएसओ स्ट्रिंग’च्या १२ जागा. दर तक्त्याचं पान साध्या फोनवर एक आकडा टाइप केला की पूर्ण तक्ता नव्यानं रंगवतं, परफॉर्मन्स पॅनेलमध्ये तीनशे मिलीसेकंदांची लांब पट्टी दिसते. पन्नासच्या आत आणायची. खरवसाचा डबा परत करायचा आहे.